सवत खाडीकाठची

“निवटा म्हंजे मासाच बेटा, पर चिखलावर चालतो,” हे सृष्टीला मोबाइलवर फोटो दाखवत होते. “आन् ही मुळं बघ. श्वास घ्यायला जमिनीतून वर येतात.”

मी ताटात भाकरी आपटली. चार महिन्यांनी घरी आलेला माणूस! पोरीला दहावीत किती मार्क पडले, माझ्या हाताला टाके कशाचे, एका शब्दानं विचारलं नाही. नुसतं कांदळवन, कांदळवन! आमचे हे, रेवणसिद्ध, वनरक्षक आहेत. चार वर्षांपासून कोकणात, खाडीतल्या जंगलावर. आणि मी रत्नम्मा, देगलूरला सासूची उठबस करत बसलेली.

“तिथली झाडं लई मायाळू,” हे म्हणाले. “बी तसंच खाली टाकत न्हाईत. अंगावरच कोंब फुटू देतात, मंग सोडतात.”

“मायाळू झाडाला सैपाक येतो का?” मी विचारलं. सृष्टी फिसकन हसली. हे नाही हसले.

सवत बाई असती तर झिंज्या धरल्या असत्या. चिखलाला कुठं धरायचं? जळत होते मी, सांगायला लाज कसली!

बदलीचा अर्ज मोबाइलवरच भरायचा होता आणि दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. गेल्या वर्षी “विसरलो” म्हणाले होते. हे आंघोळीला गेले तसा मी मोबाइल सृष्टीच्या हातात दिला.

“किनवट टाक. आपल्याच जिल्ह्यात हाय.”

“पप्पांना विचारलंस का?”

“टाक म्हणलं ना!”

जूनमध्ये हुकूम निघाला. खाडीवरून फोन आला. “अर्ज कुणी भरला?”

“म्या.”

पलीकडं पाखरांचा कालवा चालला होता. मग “बरं” म्हणाले. त्यापेक्षा भांडले असते तर बरं वाटलं असतं.

आता आम्ही सगळे किनवटच्या क्वार्टरमध्ये राहतो. भोवती सागाचं जंगल. हे वेळेवर घरी येतात, आईचे पाय चेपतात, पुढ्यात येईल ते जेवतात. काल मात्र आले ते बूटसुद्धा न काढता कॅलेंडरसमोर उभे राहिले.

“काय बघून राहिलात?”

“तिथी. आज अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची येळ निघते, तिथल्या कोळ्यांनी शिकवलं. आठाची पाऊणपट सहा. सहाला पाणी भरंल.”

“इथं किनवटात कुठून आणू तुमचा समुद्र?” मी कडाडले.

हे ओशाळले. गुपचूप दारात जाऊन बसले. माझं डोकं फिरलं होतं, तरी चहा केला आणि शेजारी टेकले. आत घड्याळात सहाचे ठोके पडले.

“आलं का पाणी?” मी विचारलं.

त्यांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. “आलं,” म्हणाले. “निवटे आता मुळांवर चढून बसले असतील.”

काय तोंड उजळलं होतं! अठरा वर्षांच्या संसारात मला बघून ते तसं कधी उजळलं नव्हतं.

“मंग?” मी म्हणाले. “पुढं सांगा की.”