डावं-उजवं

शिंपीबाबा देवाघरी गेले आणि त्यांची तीन लेकरं दुकानात वाटणीला बसली. ढीग थोरलीने करायचे आणि ज्याने ढीग केले त्याने शेवटी उचलायचं, हा बाबांचाच लहानपणापासूनचा नेम. म्हणायचे, "वाटणाऱ्याला उरलेलं मिळतं हे ठाऊक असलं, की त्याच्या हातात आपोआप देव येतो. डावं-उजवं होत नाही."

थोरली मात्र डावरी. बाबाही डावरेच. म्हणून तर त्यांनी डाव्या हाताची कात्री मुद्दाम घडवून घेतली होती. त्यांचे डोळे गेल्यापासून तीच थोरलीच्या हातात असे. दुसऱ्या कात्रीत कापड कापायचं सोडून दुमडायचं. तिचं पोट त्या कात्रीवर होतं, आणि भाऊ दुकानात यायचे ते फक्त शिवलेले कपडे न्यायला. त्यांना यातलं काय ठाऊक असणार?

मग सरळ मागायची की नाही? पण अहो, या घरात एकाने हात पुढे केला की दुसऱ्याला तीच वस्तू गोड लागायची. म्हणून थोरली गप्प बसली आणि जन्मात पहिल्यांदा वाटणीत लबाडी केली. एका ढिगात शिलाई मशीन. दुसऱ्यात कापायचं टेबल, आरसा, इस्त्री. तिसऱ्यात बटणांचे डबे, मोडका पंखा, चिंध्यांचं गाठोडं. कात्री त्या गाठोड्यात.

धाकट्याने मशीन उचललं. मधला ढिगांकडे बघत राहिला, मग हसला.

"ताई, शेवटचा ढीग तुझा, आणि तो तू असा भंगारातला ठेवलास? इतकी भोळी कधी झालीस गं?" त्याने तिसरा ढीग स्वतःकडे ओढला आणि गाठोडं सोडलं. "ही बघा. लपवली होती."

"टेबल, आरसा सगळं ने," थोरली म्हणाली, "तेवढी कात्री दे."

"म्हणजे भारीच असणार."

"मग माझाही वाटा आहे तिच्यात," धाकटा म्हणाला. "बापाची वस्तू आहे. तुम्ही दोघंच कसं ठरवता?"

"बरोबर. आपण ताईसारखं करायचं नाही." मधल्याने मशीनच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कात्रीचा स्क्रू सोडवला. एक पातं स्वतःच्या खिशात घातलं, स्क्रू धाकट्याच्या तळहातावर ठेवला, दुसरं पातं थोरलीपुढे सरकवलं.

"मोजून घे. कुठे डावं-उजवं केलं का?"

थोरलीने पातं उचललं. नेम आधी तिनेच मोडला होता.

भाऊ गेले. उरलेला ढीग तिचा, म्हणजे टेबल तिचंच. त्यावर गिऱ्हाइकाचं कापड खडूने आखून पसरलेलं होतं. तिने डाव्या हाताने पातं रेघेवर धरलं आणि ओढून पाहिलं. खडू पुसला गेला. कापड होतं तसंच राहिलं.