डाव्या हाताचा जप

उदयसिंह सुर्वे सरांच्या सबंध देहात आता एकच अवयव त्यांचं ऐकत होता, तो म्हणजे डाव्या हाताचा पंजा. पक्षाघाताने उजवी बाजू नेली, जीभ नेली, डावा दंडही उचलेनासा केला, पण पंजा तेवढा ठेवला, बहुधा नजरचुकीने. त्या पंजाने ते आठवडाभर जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या ओरडण्याला हात जोडत होता.

हे पुण्य शेजारच्या कृष्णाबाईंचं. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्या बघायला म्हणून आल्या, पलंगाशी बसल्या आणि बघता बघता त्यांचे डोळे मोठे झाले. सरांचा अंगठा पहिल्या दोन बोटांच्या पेरांपाशी जात होता, मग करंगळी मिटत होती, उघडत होती, की पुन्हा अंगठा पेरांपाशी. कृष्णाबाईंचा उभा जन्म पेरांवर नाम मोजण्यात गेलेला. त्यांनी सरांच्या बायकोला, शोभाताईंना, स्वयंपाकघरातून ओढतच आणलं आणि म्हणाल्या, "शोभाताई, अहो, सर जप करतायत."

कुणीतरी शंका काढली की जप डाव्या हाताने करत नाहीत. त्यावर कृष्णाबाईंनी निकाल दिला की उजवा देवानेच नेलाय, तेव्हा डावा त्याला चालवून घ्यावाच लागेल. विषय मिटला. दुसऱ्या दिवशी पलंगासमोर दत्ताची तसबीर लागली. संध्याकाळी बायका पेटी घेऊन आल्या आणि दोन तास भजन करून गेल्या.

ज्या माणसाने जन्मात कधी देवळाची पायरी चढली नाही, सत्यनारायणाचा प्रसाद केवळ तुपासाठी खाल्ला, त्याला हे निमूट पडून ऐकावं लागलं. एरवी त्यांनी थट्टा करून बायकांना पळवून लावलं असतं. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायकांना वाटलं, भक्ती दाटून आली.

तो जप नव्हता, ते एक अक्षर होतं. दोन अक्षरं होती.

ती अक्षरं समजायची तर सरांच्या साधूबद्दल सांगायला हवं. तेराशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या एका मठात हा ख्रिस्ती साधू होऊन गेला. जन्मभर मठाबाहेर फारसा पडला नाही, पण चंद्र, ऋतू, भरती-ओहोटी, काळ कसा मोजावा, सगळ्यावर लिहून बसला. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. लॅटिन ते तरुणपणी मुंबईत एका पाद्र्याकडे शिकलेले. साधूचे ग्रंथ मराठीत आणायचे हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते निवृत्तीनंतरही उतरलं नाही. शोभाताई त्याला 'तुमचे बुवा' म्हणायच्या. जेवायला हाक मारली की विचारायच्या, बुवांचं पान वाढू का?

सर एकेका शब्दासाठी जिवाचं रान करत. अष्टमीच्या सुमाराला भरतीचा जोर ओसरतो, त्याला साधूने एक शब्द वापरला होता. कोशातला कुठलाच प्रतिशब्द सरांना पटेना. शेवटी ते खाडीवर काशिराम कोळ्याकडे गेले. काशिराम जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "त्याला आमी भांग म्हंतू. भांगाला पानी मेल्यावानी. नाय चढत, नाय उतरत." सर 'भांगाचं पाणी' हा शब्द तोंडात घोळवतच घरी आले. त्या दिवशी ते चहात साखर घालायला विसरले आणि तसाच पिऊन गेले.

आणि साधूचा एक अध्याय होता बोटांवर. डाव्या हाताच्या बोटांनी आकडे कसे दाखवायचे याचा. करंगळी तळहातात मिटली की एक. अंगठ्याचं टोक पहिल्या दोन बोटांच्या मधल्या पेरांत खुपसलं की वीस. पुढे त्या भल्या माणसाने गंमत लिहून ठेवली होती की याच आकड्यांनी अक्षरंही दाखवता येतात, आणि आपला मित्र लबाडांच्या घोळक्यात सापडला असेल तर त्याला तोंड न उघडता सावध करता येतं.

सरांनी त्याची मराठी सोय केली. क म्हणजे एक, ख म्हणजे दोन, असं करत न म्हणजे वीस. काना-मात्रा गाळायच्या, समोरच्याने अंदाजाने घ्यायच्या. ही सोय त्यांनी एकट्याने केली नव्हती. सोबत विनायक होता.

विनायक त्यांचा विद्यार्थी, आता वाशीकडच्या एका कॉलेजात स्वतःच शिकवणारा. सुर्व्यांना मूलबाळ नव्हतं. दर शनिवारी विनायक स्कूटरवरून यायचा, शोभाताई त्याच्यासाठी साबुदाण्याचे वडे तळायच्या, आणि गुरुशिष्य बाल्कनीत बसून बोटं मिटत-उघडत राहायचे. एकदा ग्रंथालयाच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण संपता संपेना, तेव्हा सरांनी व्यासपीठावरूनच गुडघ्यावर ठेवलेल्या हाताने दोन अक्षरं केली. प, ळ. विनायक पहिल्या रांगेतून हसू दाबत उठून गेला. जगात ही भाषा जाणणारी माणसं दोनच होती.

मग गेल्या वर्षी एका मासिकात विनायकचा लेख आला. साधूचं भरती-ओहोटीवरचं प्रकरण, 'मूळ लॅटिनवरून अनुवाद', खाली विनायकचं नाव. विनायकला लॅटिनचं ओ की ठो येत नव्हतं. तिसऱ्याच परिच्छेदात 'भांगाचं पाणी' वाचलं आणि सरांनी मासिक मिटून ठेवलं. त्यांनी विनायकला विचारलं नाही. त्यांना लाज वाटली, चोरी करणाऱ्याला वाटायची ती. शोभाताईंना तर मुळीच सांगितलं नाही. तिने ज्याला पोटच्या पोरासारखं खाऊ घातलं, त्याच्याबद्दल हे कुठल्या तोंडाने सांगायचं? ते तोंड तेव्हा चांगलं चालत होतं. आता त्यातून लाळ गळत होती.

घरी आणलं त्याच दिवशी शोभाताईंनी त्यांच्या कानाशी वाकून हळूच सांगितलं की विनायकचा निरोप आलाय. बुवांचं सगळं लिखाण तो घेऊन जाणार आहे, छापून आणणार आहे, खर्चही त्याचाच. पुढच्या शनिवारी येतोय. तेव्हापासून तो पंजा बोलत होता. अंगठा पेरांत, न. करंगळी तळहातात, क. नको. नको. नको.

मान हलायची, पण उशीवर दोन्हीकडे नुसती लोळायची, त्यातून ना हो निघे ना नाही. डॉक्टरांनी शोभाताईंना सांगून टाकलं होतं की या हालचालींना अर्थ नसतो, मनाला लावून घेऊ नका. तिला कसं कळावं? तिला त्यांनी बोटांची भाषा कधी शिकवलीच नव्हती. तीस वर्षं ती वडे तळत होती आणि हे दोघे बाहेर हसत होते, तेव्हा तिला बाहेर बोलवायचं साधं सुचलंही नाही. आता तेच त्यांच्या जिवाला डसत होतं.

शनिवारी दुपारी विनायक आला. तळोज्याच्या कारखान्यांकडून येणारा आंबूस वास नको म्हणून शोभाताईंनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. खोलीत औषधांचा आणि उदबत्तीचा वास कोंडला होता. त्याने सरांच्या पायांवर डोकं ठेवलं, डोळे पुसले, आणि ते डोळे खरंच ओले होते. माणूस वाईट असला म्हणजे त्याला रडू येत नाही असं थोडंच आहे. शोभाताई बासन काढायला गेल्या, म्हणजे ते सगळे कागद, जे त्यांनी आपल्या लग्नातल्या शालूच्या तुकड्यात बांधून कपाटात ठेवले होते. चहाचं आधण चढवून आलेच म्हणाल्या.

खोलीत दोघेच उरले. सरांनी सगळा जीव पंजात आणला. अंगठा, करंगळी. अंगठा, करंगळी.

विनायकची नजर हातावर गेली. आधी ती नुसती गेली, मग थांबली. त्याचे ओठ अगदी किंचित हलले. सरांनी ते ओठ पाहिले. न. क. पोराने वाचलं! आठवड्यात पहिल्यांदा जगातल्या एका माणसाला त्यांचा शब्द पोचला होता, आणि तो ज्याच्यापासून लिखाण वाचवायचं त्यालाच पोचला होता. तरी सरांना, वेड्यासारखी, आशा वाटली. ते पुन्हा आपल्या विद्यार्थ्याशी बोलत होते. विनायकच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. सरांना वाटलं, आता हा खाली मान घालेल. लाजेल. उठून जाईल. त्यांनी बोटं बदलली. प, ळ. ग्रंथालयातली ती थट्टा. जा बाबा पळून, मी कुणाला सांगणार नाही.

त्यांचा साधू मरायला टेकला होता तेव्हाही काम करत होता, असं सरांनी वाचलं होतं. श्वास पुरत नव्हता तरी तो तोंडाने सांगत होता आणि एक शिष्य शेजारी बसून लिहून घेत होता. सरांचा शिष्यही शेजारी बसला होता. त्याने सरांचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मायेने, अगदी मायेने, बोटं मिटवून टाकली.

शोभाताई कप घेऊन आल्या. एका काखेत बासन होतं. त्यांनी विचारलं, "काय रे, काही म्हणतायत का तुला?"

"जप चाललाय, काकू," विनायक म्हणाला. "माळ द्या त्यांच्या हातात. बोटांना आधार होईल."

शोभाताईंनी देवघरातली तुळशीची माळ आणली आणि सरांच्या बोटांत गुंडाळली. मग करंगळी मिटेना. माळेत अडकून ती नुसती थरथरत राहिली. चहा पिऊन विनायक उठला. शोभाताईंनी बासन त्याच्या हातात देताना त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या की माझं सोनं तुझ्या स्वाधीन करतेय. त्याच्याने वर बघवलं नाही. जिन्यावरून पावलं उतरली, खाली स्कूटरला दोन-तीनदा किक बसली, आणि तो आवाज तळ्याच्या बाजूने हायवेकडे गेला.

सर छताकडे बघत पडले होते. त्यांना आता काहीच सांगायचं उरलं नव्हतं. आयुष्यभराचं एक काम होतं, ते गेलं. पंजाही शेवटी थांबला.

शोभाताई दचकल्या. त्यांनी घाईघाईने माळ सोडवली, तो हात चोळला, आपल्या गालाला लावला. "अहो, थांबू नका ना," त्या म्हणाल्या. "तुमचा हात हलतोय तोवर मला वाटतं तुम्ही आहात. रात्री उठून उठून मी तोच बघते. देवाचं नाव नका घेऊ हवं तर. पण थांबू नका."

उदयसिंहांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे केस विंचरलेले नव्हते. ही बाई आठवडाभर त्यांच्या शब्दाकडे टक लावून बसली होती आणि तो तिच्यासाठी एकदाही नव्हता. तिला द्यायला त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? त्यांनी अंगठा उचलला आणि लहानपणी आईला पाहिलं होतं तसा करंगळीच्या पेरावर टेकवला. मग वरच्या पेरावर. मग शेजारच्या बोटावर. हळूहळू, एकेक पेर. कुणाचंही नाव न घेता, फक्त शोभासाठी, ते आयुष्यात पहिल्यांदा जप करू लागले.

शोभाताईंना हुंदका आला. त्या बघत राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताचा अंगठाही सवयीने पेरावरून पेरावर सरकू लागला, आणि दोन्ही हात काही वेळ बरोबर चालले. मग त्यांचा हात थांबला.

"हा जप आहे," त्या सावकाश म्हणाल्या.

सरांचा अंगठा पेरावरच राहिला.

"अहो, हा जप आहे," शोभाताई पुन्हा म्हणाल्या. आता त्यांची नजर हातावरून सरकून सरांच्या डोळ्यांवर आली होती. "मग आठवडाभर ते काय होतं?"

सरांचं तोंड उघडलं आणि त्यातून नुसता घोगरा आवाज आला. अंगठा पेरांत गेला. करंगळी तळहातात मिटली. पुन्हा अंगठा, पुन्हा करंगळी. शोभाताईंनी या वेळी हात जोडले नाहीत. त्या पलीकडच्या खोलीतल्या कपाटाच्या रिकाम्या खणाकडे बघत होत्या, त्याचं दार बासन काढल्यापासून उघडंच राहिलं होतं.