निम्म्या पाण्यावरची झाडं

"काल या कुंडीत अकरा फुलं होती, आज सात. चार काय उडून गेली?" लेक उकिडवी बसून वहीशी कुरकुरत होती.

दोन पावलांवर उभ्या आईनं हातातला झाडू हळूच पाठीमागे नेला.

रोपवाटिका घरचीच. चौदा वर्षं खपून वडिलांनी टोमॅटोचं एक वाण तयार केलं होतं. भरपूर पाण्यावर ते असं लगडायचं, की काठ्यांचे टेकू कमी पडायचे. पुढच्या हंगामात त्याचं बी कोरड्या भागातल्या शेतकऱ्यांना द्यायचं घाटत होतं. लेक मात्र अडून बसली. आधी पाणी तोडून बघू, म्हणाली. तिनं या वाणाच्या वीस कुंड्या मांडल्या, शेजारी बारक्या फळाच्या एका साध्या वाणाच्या वीस. सगळ्यांना मोजून निम्मं पाणी. रोज झाडावरची फुलं मोजायची, गळलेली वेगळी लिहायची.

गळलेली सापडणार कुठून? उजाडताच आई ती लोटून टाकत होती. नवऱ्याच्या नजरेला ती पडू नयेत, एवढंच तिच्या मनात. तो आला की जो तो पानांवर बोलायचा. "एवढ्या टंचाईत पाला बघा कसा तजेलदार," मदतीच्या बाई म्हणायच्या, आणि आई त्यांची री ओढायची. पानांच्या पुढे कुणाची जीभ सरकत नव्हती.

"आई, झाडू तूच मारतेस ना?" लेकीनं वर न बघताच विचारलं.

"केर दिसला की हात शिवशिवतात माझे."

"हे बी लोकांच्या रानात गेल्यावर तिथं झाडायला जाशील?"

आई झाडू घेऊन तशीच आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं झाडूला हात लावला नाही. चहा होताच नवऱ्याला म्हणाली, "चला, मी पण येते," आणि कुंड्यांपाशी त्याला घेऊनच गेली.

त्याच्या झाडांखाली पिवळी फुलं विखुरली होती. धरलेली चार-दोन फळं बुडाशी काळी पडलेली. शेजारची साधी झाडं सुकलेली दिसत होती, पण लिंबाएवढी का होईना, फळं धरून उभी होती.

"पाला मात्र अजून..." बाईंनी सुरुवात केली.

"पाल्याची काय भाजी करायची, बाई?" आई म्हणाली.

गुडघ्यावर हात टेकत तो वाकला. एक फूल उचलून त्यानं देठाशी निरखलं.

"लिही," तो लेकीला म्हणाला. "माझं वाण कमी पाण्यात फळ धरत नाही."