फुली नसलेली चौकट

"टक्कल पडलंय याला, तरी डब्यात घालून ठेवलाय," फुसाएताई स्वतःशीच पुटपुटल्या. "आईचा कंगवा हरवला या घरात. हा मात्र जपलाय."

मित्रांनो, ते टक्कल माझं. मी एक जुना कुंचला आहे. फुसाएताईंचा भाऊ, चित्रकार शिगेतो अराई, चार आठवड्यांपूर्वी वारला आणि आता त्याच्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. मी चहाच्या डब्यात पडून आहे. केसांत शाई सुकून दगड झाली आहे. तेवढ्यात ऐकता आलं तर ऐका.

हिरोशिमाकडच्या एका डोंगराळ गावात एका म्हातारीनं मला बांधलं. एकेक केस उजेडात धरून ती पारखायची आणि जरा वाकडा निघाला की उपटून टाकायची. तोक्योला अराईच्या हातात आलो तेव्हा माझं टोक सुईसारखं होतं. अराई मुलांच्या साप्ताहिकासाठी भुताखेतांची चित्रकथा काढायचा. तिच्या नायकाच्या पापण्या मी काढल्या. मला त्याचा फार अभिमान होता.

त्या नायकाचं नाव उत्सुरो. नायक तरी कसा म्हणायचा? दिसायला असा देखणा, की खालच्या भाजीवालीनं विचारलं होतं, हा तुमच्या ओळखीतला आहे का. ज्याला उत्सुरो हवासा वाटला तो त्याच्या मुठीत गेला. व्यापारी, शिपाई, एक डॉक्टर. सगळे पुरुष, सगळे आपल्या पायांनी चालत आलेले. उत्सुरो त्यांची सावली पिऊन टाकी. त्याची सारी सत्ता एका अटीवर उभी होती. त्याला स्वतःला कुणी हवंसं वाटलं, की ती संपली.

दोन वर्षांत माझं टोक गेलं. कुंचल्यांतही पदं असतात. टोक गेलं की रेघेवरून उतरवून काळं भरायला लावतात. तेव्हा मी मदतनिसाच्या टेबलावर आलो. मदतनिसाचं नाव नोबोरु. वय चोविशीचं, डाव्या कानाखाली तीळ, जेवताना तांदळाचा शेवटचा दाणाही न सोडणारा. काम साधं होतं. अराई रेघा काढून, जिथं काळं हवं तिथं निळ्या पेन्सिलीनं बारीकशी फुली मारायचा. नोबोरु मला शाईत बुडवून ती जागा भरायचा. विचारायचं नाही. फुली दिसली की भरायचं.

मग गोष्टीत एक दीपगृहाचा रखवालदार आला. त्याला उत्सुरोची भीतीही वाटेना आणि भूलही पडेना. त्याच्या डाव्या कानाखाली तीळ होता. तो तीळ नोबोरुच माझ्याकडून भरून घ्यायचा आणि पुढच्या पानाकडे वळायचा.

संपादक हागिवारा मऊ स्वभावाचा माणूस होता. पानं तयार होईपर्यंत बाहेरच्या खोलीत बसून राहायचं, हे त्याचं कामच. बार्लीचा चहा पीत तो पानं चाळायचा आणि कपाळ चोळायचा. "अराईसाहेब, राक्षसानं माणूस खाल्ला तर माझी काही हरकत नाही," तो एकदा म्हणाला, "पण खाण्याआधी तो त्याच्याकडे असं बघतो, त्याचं काय करायचं? जरा अंधार करा तिथं." अराई हसला आणि त्यानं निळी पेन्सिल उचलली. मित्रांनो, नोबोरुच्या टेबलावरच्या अकरा वर्षांत मी किती नजरा झाकल्या, किती हात काळ्यात बुडवले, ते फक्त मलाच माहीत आहे.

एकदा फुसाएताईंनी अराईला नोबोरुवरून टोकलं, तेव्हा तो म्हणाला होता की पगार ज्याच्या हातून जातो त्यानं मागू नये. समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. नोबोरु थंडीत सेन्सेईंच्या, म्हणजे त्याच्या गुरूंच्या, शाईची बाटली आधी आपल्या तळव्यांत धरून कोमट करायचा.

मग नोबोरुच्या आईनं गावाकडे, निइगाताला, त्याच्यासाठी मुलगी बघितली. त्याच महिन्यात साप्ताहिकानं उत्सुरो संपवायला सांगितलं. शेवटचं पान एका दुपारी आमच्या टेबलावर आलं. उत्सुरो गुडघे टेकून बसला होता आणि त्याचं कपाळ रखवालदाराच्या तळहातावर होतं. आपली सगळी सत्ता त्यानं तिथं उतरवून ठेवली होती. चौकट मोठी होती, अर्ध्या पानाची. तिच्यावर फुली नव्हती.

बाहेर हागिवारानं कप खाली ठेवल्याचा आवाज आला. नोबोरु चौकटीकडे बघत राहिला. मग त्यानं मला शाईत बुडवलं आणि कडेपासून भरायला सुरुवात केली. त्याचा हात जराही हलला नाही. मला थांबता आलं असतं तर मी थांबलो असतो. पण कुंचल्याला स्वतःचा हात नसतो.

अराईनं पान उजेडात धरलं. मग म्हणाला, "कडा छान धरलीस." पान तसंच छापायला गेलं. इतकी भयंकर चौकट आजवर पाहिली नव्हती, अशी मुलांची पत्रं आली. तशी स्तुती माझ्या वाट्याला पुन्हा आली नाही.

त्या दिवशी मला कुणी धुतलं नाही. नोबोरु गावी गेला आणि अराईनं मला तसाच डब्यात ठेवला. मित्रांनो, कुंचला वापरलात तर त्याच दिवशी धुवा. दुसऱ्या दिवशी पाणी चालत नाही. एवढंच मला तुम्हाला सांगायचं होतं.

आज नोबोरु आला आहे. वीस वर्षांनी, पांढऱ्या केसांचा, हातात गावच्या सुक्या माशांची पेटी घेऊन. त्यानं अस्थिकलशापुढे उदबत्ती लावली. फुसाएताईंनी त्याच्यापुढे ते पान ठेवलं. छापून झाल्यावर ते परत आलं होतं आणि अराईच्या उशाशी कपाटात राहिलं होतं. नोबोरुनं ते खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. काळ्याखालच्या रेघा उंचवट्यासारख्या चमकतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

"इथं फुली नव्हती, ताई," तो म्हणाला. "मला दिसलं होतं."

"त्यालाही दिसलं होतं," ताई म्हणाल्या. त्यांनी मला डब्यातून उचललं, पुन्हा ठेवलं. "नोबोरु, आता तरी बोलू दे मला. माझ्या भावाचं तुझ्यावर प्रेम होतं. ते राक्षसाचं सोंग त्याचं होतं आणि तो रखवालदार तू होतास. मला कळत होतं, त्या चहा पिणाऱ्यालाही कळत होतं."

नोबोरुनं अंगठा त्या काळ्यावर ठेवला, जिथं कपाळ होतं तिथं.

"माझंही होतं," तो म्हणाला. तो ताईंशी बोलत नव्हता.