निबंधासाठी उजवा कौल

चांगला कॉलेज निबंध लिहायचा तर घरातलं कोणीतरी आधी गेलेलं असावं लागतं, हे मला सावंतवाडीत कळलं. लाकडी खेळण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर शर्मिष्ठा मॅडमचा क्लास आहे. खाली लाकडाची केळी, वर आम्ही. परराज्यातल्या एका मोठ्या खाजगी विद्यापीठाने आमच्या जिल्ह्यातल्या एका मुलाला राहण्याजेवणासकट फुकट शिकवायचं ठरवलं होतं. त्या एका जागेसाठी त्यांना इंग्रजीतून निबंध हवा होता, 'मला घडवणारा प्रसंग'. मी आणि माझा चुलतभाऊ अजय, दोघेही त्या जागेच्या मागे होतो आणि एकाच मोटरसायकलवरून क्लासला जायचो. पेट्रोल त्याचे वडील भरायचे, म्हणून चालवायचा तो.

मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्याकडे काय काय आहे?" आज मासे कोणते आलेत, असं विचारावं तसं.

अजय म्हणाला, त्याला सातवीत कावीळ झाली होती.

"कावीळ चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "ती बरी होते. आणि देवेश, तुझ्याकडे?"

"माझी आई गेली. मागच्या वर्षी. तापाने."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आईच्या बाराव्यालाही माझ्याकडे कोणी इतक्या मायेने पाहिलं नव्हतं. "वा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे, अरेरे."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. "ताप दिसत नाही पण. तुमचं घर समुद्रावर आहे ना?"

मी म्हटलं, घर समुद्रावर आहे, पण आई पाण्याला घाबरायची. घोट्याच्या वर कधी भिजली नाही.

"मग तर फारच छान," मॅडम म्हणाल्या.

खरं झालं ते असं. ताप उतरेना, इथल्या डॉक्टरने गोव्याला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स गोव्याच्या अलीकडे बांद्यापर्यंत पोचली, आई पोचली नाही. ड्रायव्हरने आरशातून मला विचारलं, आता पुढे जायचं की मागे. एरवी मला कुठेही विनोद सुचतो. तिथे सुचला नाही.

क्लासवरून परतताना अजय हेल्मेटमधून म्हणाला, "तू काय लिवतलस?"

"आयेवर."

"सगळी वापरतलस, की थोडी उरतली?"

मला वाटलं, मस्करी करतोय. आमच्या घरात मस्करी करणारा मी एकटाच, हे मी विसरलो होतो.

पुढच्या क्लासला त्याने निबंध वाचून दाखवला. त्यात त्याची काकी होती, म्हणजे माझी आई. मॅडमनी सुचवलं, काकीने निवड समिती रडत नाही, आई कर. त्याने तिथेच खोडून आई केली. मी हात वर केला आणि म्हटलं, मॅडम, ती माझी आहे. मॅडम गोंधळल्या, पण बाई व्यवहारी. म्हणाल्या, "एकाच घरातून एकच बाई दोन निबंधांत गेली तर त्यांना संशय येईल. कोण घेणार ते घरी ठरवा."

घरी म्हणजे भाईंपुढे. भाई हे अजयचे वडील, माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आमचं घर पर्यटकांना राहायला देतात ते भाईच बघतात. स्वयंपाक आई करायची. ती गेल्यावर तिची खोली त्यांनी रंगवून घेतली, आता ती 'सी व्ह्यू' नावाने जाते. माझे बाबा, विश्राम, मालवाहू जहाजावर खलाशांचं जेवण करतात आणि वर्षातले दोनच महिने घरी असतात. फोन लागला तेव्हा मागे इंजिन घरघरत होतं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भाई म्हणता तसा कर रे. घराचा तोच बघता."

भाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "देवेशाक डोक्या आसा. तेका आयेबिगर पण जमात. अजयाकडे काय आसा, सांग? कावीळ."

"भाई, ती माझी आये."

"मी खंय नाय म्हणतंय? पण घराक एक जागा मिळाली म्हणजे झाला. तुका न्याय होयो तर देवाक विचारूया."

आमच्याकडे विहीर खणायची असो, सोयरीक जमवायची असो नाहीतर चोर शोधायचा असो, ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव फुलाच्या पाकळ्या भिजवून देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. एकदा कौल मिळाला की त्याच गोष्टीचं पुन्हा विचारायचं नाही. देवाला दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याला खोटा पाडणं. देवाने आजवर चोर खूप पकडले असतील, पण निबंध त्याच्याकडे पहिल्यांदाच आला असावा.

गणपत गुरवाने विचारलं, "नेमका विचारुचा काय?"

ते भाईंनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. गणपतने गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्याची रीत अशी, की गुरव एकेक मागणं मोठ्याने म्हणतो आणि जमलेले सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात. मी चालायला लागलो तेव्हापासून म्हणतोय. शिंक आल्यावर डोळे मिटतात तसं ते होतं.

"बा देवा म्हाराजा," गणपतने सूर लावला, "आज ह्या लेकरू अजय तुझ्या पायाकडे इलेला आसा."

"होय म्हाराजा."

"तेका लांबच्या कॉलेजात मोठा यश दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"तेच्या वाटेत जो कोण आडवो येत असात, तेका बाजूक कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," मी म्हटलं. चांगलं खणखणीत म्हटलं. म्हणून झाल्यावर कळलं, आडवा मी आहे.

"आणि यशोदेचा मरान ह्या निबंदात घालूक तुझी परवानगी असात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

यशोदा माझी आई. पाकळ्या जरा वेळ थरथरल्या, मग उजवीकडची पडली. पंखा उजवीकडे होता. भाईंनी तो गेल्या वर्षी देवळाला दिला होता, त्याच्या पात्यांवर त्यांचं नाव आहे. पण पंख्याला दोष देऊन काय करायचं, पाकळी पडायच्या आधीच मी होय म्हटलं होतं.

माझ्याकडे लिहायला काही उरलं नाही. म्हणून मी हेच लिहिलं. माझी आई निबंधासाठी हवी होती, तिची वाटणी देवाने केली, ती चुलतभावाला गेली, मी होय म्हाराजा म्हटलं. पंखासुद्धा घातला.

मॅडमनी वाचलं आणि चष्मा काढला. "हे रचलंयस ना?"

"नाही, मॅडम. तुम्ही पण आहात त्यात."

"तेच तर खोटं वाटतं," त्या म्हणाल्या.

मी तसाच पाठवला. विद्यापीठाचं उत्तर फार सभ्य होतं. आपली कल्पनाशक्ती विलक्षण आहे, पण आम्हाला विद्यार्थ्याने प्रत्यक्ष जगलेला अनुभव अपेक्षित होता. अजयची निवड झाली. एसटी स्टँडसमोर त्याचा फोटो लागला, खाली शुभेच्छुकांत माझंही नाव होतं.

मग विद्यापीठाने चांगल्या निबंधाचा नमुना म्हणून त्याचा निबंध वेबसाइटवर टाकला. मी तो फोनवर वाचला. आई त्यात वादळात सुटलेली होडी ओढायला छातीभर पाण्यात शिरते आणि बुडता बुडता मुलाला क्षितिजाकडे बघायला सांगते. माझी आई मला फार तर गॅस बंद केलास का ते बघायला सांगायची. मी हसत हसत वाचत होतो. पुढे एक ओळ होती. पाहुणे उठायच्या आधी ती पहिलं घावन चुलीमागे झाकून त्याच्यासाठी ठेवायची आणि म्हणायची, देवूला सांगू नको. नाव बदलायचं राहून गेलं होतं.

मला देवू फक्त तीच म्हणायची, तेही घरात कोणी नसताना. आणि मला तिने सांगितलं होतं, की पहिलं घावन तव्याला चिकटतं, ते कावळ्याला टाकायचं.

अजयला सावंतवाडी स्टेशनवर सोडायला मीच गेलो. मोटरसायकल या वेळी मी चालवली. गाडीला वेळ होता. बॅगेवर बसून तो लाडू खात होता, तेव्हा मी विचारलं, "घावनाचा खरा काय रे?"

तो चावायचा थांबला. लबाडी करताना तो कान खाजवतो. या वेळी हात लाडवावरच होता.

"माका आता आठवणा नाय रे," तो म्हणाला. "मॅडमनी इतक्या वेळा लिवन घेतल्यानी. पयला काय होता, ताच समजणा नाय."

गाडी आली. डबा पुढे लागला, म्हणून आम्ही दोघे त्याची बॅग धरून धावलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सी व्ह्यूवाल्यांना घावनं हवी होती. आता ती मीच करतो. पहिलं तव्याला चिकटलं. उलथन्याने खरवडून काढलं, ताटलीत घेतलं, आणि कावळा कुठे दिसतो का बघायला मागच्या दारी गेलो. तिथे अजयचं हेल्मेट वाळत टाकलं होतं. मी उभ्या उभ्या घावन खाल्लं आणि दुसरं टाकायला आत आलो.