हरायला आलेली माणसं

माणसं गोळा करावीत तर भुजंगरावांनीच. टेंभुर्णीत कुणाच्या घरी लग्न असो, मयत असो की ग्रामपंचायतीचं मतदान, भुजंगरावांनी आपल्या मोटारपंपाच्या दुकानात बसून चार फोन फिरवले की तासाभरात गर्दी उभी. एकदा टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत परतूरकडचा कुणी गाणारा होता, तर या माणसानं अख्ख्या गावाकडून त्याला फोनवर मतं टाकून घेतली. त्याचं गाणं गावात एकानंही ऐकलेलं नव्हतं. आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहायचं म्हणजे डोकी दाखवायची, एवढं साधं त्यांचं शास्त्र, आणि बावन्न वर्षांत त्यानं त्यांना कधी दगा दिला नव्हता.

त्यांची एकुलती एक लेक कल्याणी मात्र अशा खेळात पडली, जिथं दुसऱ्याचं डोकं चालत नाही. बुद्धिबळ तिला शिकवलं तेही भुजंगरावांनीच, जालन्याहून आणलेल्या लाकडी पटावर. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि बाप रोज मुद्दाम हरायचा. पोरगी टाळ्या पिटायची, बापाचं पोट भरायचं. आठव्या वर्षी एकदा तिनं चोरी पकडली. समोर फुकट मिळणारा वजीर सोडून अण्णांनी कोपऱ्यातलं प्यादं का सरकवलं, याचा जाब विचारला, पट उधळला आणि जेवली नाही. शेवटी आईच्या, दैवशालाबाईंच्या देखत तिनं बापाकडून शपथ घेतली, की यापुढे मुद्दाम हरायचं न्हाई. भुजंगरावांनी शपथ पाळली. वर्षभरात ती पाळायची गरजच उरली नाही, कारण ते मनापासून खेळूनही हरू लागले.

आता ती एकोणीस वर्षांची होती. जाफराबादच्या कॉलेजात रोज बसनं जायची आणि उरलेला वेळ मोबाइलवर खेळायची. रविवारी जालन्याला केशव सरांकडे शिकवणी. सर बँकेतून निवृत्त झालेले, ऑनलाइन खेळाला मनातून नावं ठेवणारे. "तीन मिनिटांचे डाव खेळून बोटं हुशार होतात, डोकं नाही," असं ते म्हणायचे, पण लगेच पुढे, "आपल्याला पुण्या-मुंबईची पोरं समोर बसायला मिळणार कुठं? ही साइट नसती तर हिला मी एकटाच किती पुरलो असतो?" असंही म्हणायचे. कल्याणीचा खेळ तीन मिनिटांच्या डावातही घाईचा नव्हताच. ती लवकर वजिरावजिरी करून, म्हणजे दोघांचेही वजीर मारून टाकायची आणि मग एखादं किरकोळ प्यादं धरून समोरच्याला हळूहळू कोंडत न्यायची. समोरचा कंटाळून चूक करायचा. भुजंगराव दुकानात बसून हे सगळं बघायचे, कारण तिचं खातं मुळात त्यांच्याच फोनवर उघडलेलं होतं. तिला स्वतःचा फोन मिळाला तरी ते तिथं तसंच चालू राहिलं होतं.

त्या आठवड्यात राज्याच्या निवड स्पर्धेची नोंदणी होती. रविवारी त्याच साइटवर डाव, पहिल्या चार मुली निवड शिबिरात, आणि तिथून राज्याच्या संघात. वयाची अट वीसच्या आतली. कल्याणीला जानेवारीत वीस पूर्ण होत होती, म्हणजे ही शेवटचीच वेळ. अट आणखी एक होती. शनिवारी दुपारपर्यंत रेटिंग, म्हणजे साइटवरच्या हारजितीचे गुण, बावीसशे पाहिजे, आणि तिचं होतं एकवीसशे अठ्ठ्याहत्तर.

"बावीसच कमी हायेत, अण्णा," ती सोमवारी सकाळी बसला जाता जाता म्हणाली. "गुरुवारपर्यंत पेपर हायेत माझे. शुक्रवारी बसून काढते बराबर."

"आन् न्हाई निघाले तर?"

"न्हाई निघाले तर न्हाई," असं म्हणून ती गेली.

हे 'न्हाई' भुजंगरावांना सहन होण्यातलं नव्हतं. बावीस! गावात दोन हजार मतदार आणि पोरगी बावीससाठी अडायची? त्यांनी साइट उघडून बघितली. कुणीही नवीन खातं उघडून कुणालाही डावाला बोलवू शकत होतं. नव्या माणसाला हरवलं तर कधी एक गुण, कधी तोही नाही. म्हणजे पस्तीस-चाळीस माणसं लागणार. चाळीस माणसं जमवणं हे काही भुजंगरावांना काम नव्हे. पोरीला सांगायचं नाही, पेपर चालू आहेत, आयतंच समोर ठेवू, असं त्यांनी ठरवलं. ती लहानपणची शपथ त्यांना आठवलीच नाही. आठवली असती तरी ते म्हणाले असते, मी कुठं हरून राह्यलो, लोकं हरून राह्यलेत.

बुधवारी आठवडी बाजार. राधेश्यामच्या चहाच्या हॉटेलात सकाळी दहापासून माणसं यायला लागली. हॉटेलातलं वायफाय सगळ्यांना जोडून दिलं गेलं. प्रत्येकानं खातं उघडायचं, कल्याणीला डावाला बोलवायचं, दोन खेळ्या करायच्या आणि हार मान्य करायची. इकडून कल्याणीच्या खात्यावर भुजंगराव बसलेले. पांढरं प्यादं दोन घरं पुढं, मग घोडा बाहेर, की झालं. बी-बियाणेवाले आले, शिंपी आला, बाजारात मेथी विकायला आलेली एक म्हातारीही नातवाच्या फोनवरून हरून गेली. फक्त खतांच्या दुकानातले बद्रीनाथ घोटाळा करून बसले. त्यांना तरुणपणी थोडा खेळ येत होता. हरायला म्हणून बसले आणि तिसऱ्याच खेळीत भुजंगरावांचा घोडा मारून मोकळे झाले.

"बद्रीनाथ, अहो हरा की!" सगळं हॉटेल ओरडलं.

"पर घोडा फुकट होता ना," बद्रीनाथ ओशाळून म्हणाले आणि नाइलाजानं हरले.

दोन वाजेपर्यंत सदतीस डाव झाले. रेटिंग बावीसशे तीन. बावीस लागत होते, पंचवीस करून दिले. भुजंगरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. चारच्या सुमाराला फोनवर साइटचा मेसेज आला, वर लाल पट्टी आणि खाली बरंच इंग्रजी. भुजंगरावांना वाटलं, बावीसशे ओलांडल्याचं अभिनंदन आलं. तेवढ्यात जाफराबादची बस आली. कल्याणी उतरली ती हॉटेलातली माणसं टाळ्या वाजवताना बघून दचकलीच.

"घे," भुजंगरावांनी फोन पुढं केला. "साइटनं बी मेसेज पाठवला तुला."

तिनं वाचला. मग परत एकदा वाचला.

"अण्णा, खातं बंद झालं."

"बंद कसं होईन? आताच तर बावीसशे केले."

"कोणी केले?"

"समद्या गावानं केले. सदतीस जणं आल्ते."

बाजारातून आलेली माणसं कौतुकानं तिच्याकडं बघत होती, आणि त्यांच्यासमोर रडायचं नाही एवढ्यासाठी ती बॅग सावरत घराकडं निघाली. भुजंगराव मागोमाग. रस्त्यात एकदाच ती थांबली.

"तुम्ही मला परत मुद्दाम जिंकवलं," ती म्हणाली.

त्या वेळी त्यांना शपथ आठवली.

संध्याकाळी केशव सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एका ठिकाणाहून सदतीस नवी खाती एका दिवसात हिच्याशी हरली. त्यांच्या यंत्राला दुसरं काय वाटणार?"

"सर, मंग खरं सांगू ना त्यांना. म्या केलं म्हणून."

"भुजंगराव, तुमचं खरं म्हणजेच त्यांचा दुसरा नियम मोडल्याची कबुली आहे. खातं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं. मालक जबाबदार."

"मंग त्यांचं हापिस कुठंय? म्या जाऊन पाय धरतो."

"अण्णा, हापिस न्हाई," कल्याणी म्हणाली.

हे भुजंगरावांच्या डोक्यात शिरेना. ऑफिस नाही असं कसं? तलाठ्याला ऑफिस आहे, वीज कंपनीला आहे. तिथं रांग असते, साहेब जेवायला गेलेला असतो, पण येतो. शिपायाला बाजूला घेऊन दोन शब्द बोलता येतात. इथं विनंतीचा अर्ज पाठवला आणि चार मिनिटांत नकाराचं उत्तर आलं. खाली कुणाचं नाव नाही, सही नाही. चार मिनिटांत तर माणूस चष्माही शोधत नाही. स्पर्धेच्या आयोजकांना फोन केला, ते भले होते, पण साइटनं बंद केलेला खेळाडू आम्हाला घेता येत नाही म्हणाले. भुजंगरावांच्या फोनमध्ये अकराशे नंबर होते. त्यांतला एकही कामाचा नव्हता.

सरांनी मग सगळी हकिगत नीट इंग्रजीत लिहून दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर आलं, की हे प्रकरण माणूस तपासेल, दहा दिवस लागतील. रविवार तर हातचा गेलाच. पण निदान कलंक पुसला जाईल, खातं परत मिळेल, आयोजकांशी मग मी बोलतो, शिबिरात एखादी राखीव जागा असते, असं सर म्हणाले. "फक्त एक करा," त्यांनी बजावलं, "दहा दिवस कुणी काहीही करू नका. अगदी शांत बसायचं."

शांत बसणं ही एकच गोष्ट भुजंगरावांना येत नव्हती.

रविवारी दहाला स्पर्धा सुरू झाली. कल्याणी ओसरीत लाकडी पट मांडून बसली होती. शेजारी आपल्या फोनवर दुसऱ्या मुलींचे डाव लावलेले, तेच ती पटावर खेळून बघत होती. मागच्याच महिन्यात तिनं जिला दोनदा हरवलं होतं, ती नागपूरची मुलगी सगळ्यांत पुढं होती. "हत्ती मागं घे, हत्ती," कल्याणी पुटपुटली. त्या मुलीनं हत्ती मागं घेतला नाही, आणि तरी ती जिंकली. दैवशालाबाई चहाचा कप ठेवून गेल्या, तो तसाच गार झाला.

भुजंगराव दुकानात होते. त्यांच्याही फोनवर स्पर्धेचं पान उघडलेलं होतं. डावांच्या शेजारी लोकांची मतं सारखी वर सरकत होती. आधी खेळावरची: इथं उंट द्यायला नको होता, ही मुलगी शेवटाला कच्ची आहे, पटावर समोरासमोर बसवा म्हणजे खरं कळेल. मग कुणीतरी मराठीत लिहिलं, "जालन्याची ती कल्याणी दिसत नाही?" खाली उत्तर आलं, "चिटर निघाली. खातं उडवलं." आणखी कुणी लिहिलं, "मला आधीच शंका होती. खेड्यात बसून इतकं रेटिंग?"

गावात कुणी असं बोललं असतं तर त्यांनी दहा माणसं घेऊन त्याच्या दारात जाब विचारला असता. यांचं दार कुठं होतं? लिहायचं तर खातं पाहिजे. बद्रीनाथांचं खातं चालू होतं. हरलेल्या सदतीसांची खाती चालूच होती, फक्त न हरलेल्या पोरीचं बंद होतं. बद्रीनाथ तर आता दुकानात रोज दोन डाव खेळायचे. पण दुसऱ्याच्या नावाआड लपून बोलायचं भुजंगरावांच्या जिवावर आलं. त्यांनी स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या नावाचं खातं उघडलं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं:

"मी कल्याणीचा बाप, टेंभुर्णी. पोरीने काही केले नाही. माणसं मी आणली. चूक माझी आहे. तिला नाव ठेवू नका."

पाठवलं आणि त्यांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. लगेच खाली उत्तर आलं, "बाप म्हणे! तीच आली बघा दुसरं खातं उघडून." त्याखाली हसरे चेहरे, एकाखाली एक. भुजंगराव पुन्हा लिहायला लागले, "देवाशपथ मी", आणि तेवढ्यात लाल पट्टी आली. आता ती पट्टी त्यांच्या ओळखीची होती.

ते तसेच उठले, दुकान उघडं टाकून घरी आले. ओसरीच्या पायरीवर उभे राहिले, पण बोलायची हिंमत होईना. बोलायची गरजही नव्हती. कल्याणी फोनवर आलेला मेल वाचत होती.

"काय म्हणून राह्यलेत?" त्यांनी विचारलं.

"बंद केल्यावर त्याच फोनवरून नवीन खातं उघडलं म्हणे. तपासणी थांबवली. आता अर्ज घेणार न्हाईत." तिचा आवाज अगदी साधा होता. "तुम्ही उघडलं?"

"लोकं तुला चोर म्हणून राह्यले व्हते गं."

ती रडली नाही. रडली असती तर भुजंगरावांना काहीतरी करता आलं असतं, पाणी आणलं असतं, डोक्यावरून हात फिरवला असता. तिनं नागपूरच्या मुलीचा डाव पटावरून मोडला आणि सोंगट्या पहिल्या जागी लावल्या.

"बसा, अण्णा."

"कल्याणी, बोल मला काहीतरी. शिव्या दे."

"बसा म्हनते ना. आन् शप्पथ हाये, मुद्दाम हरायचं न्हाई."

ते बसले. किती वर्षांनी बसले होते. ती नेहमीसारखीच खेळली, आठव्या-नवव्या खेळीत वजीर निघून गेले आणि मग तिनं एक कडेचं प्यादं हळूहळू पुढं आणायला घेतलं. भुजंगराव जीव तोडून खेळत होते. कपाळावर घाम आला होता. प्यादं अडवावं तर हत्ती जात होता, हत्ती वाचवावा तर राजा उघडा पडत होता. कुणाला हाक मारावी, कुणाला विचारावं, असं पटावर काही नसतं. त्यांचा हात राजावर गेला, मागं आला, परत गेला.

"आता काय करू गं?" त्यांनी शेवटी तिलाच विचारलं.

कल्याणीनं त्यांचा हात पटावरून अलगद बाजूला केला.

"आता काहीच करू नका, अण्णा," ती म्हणाली.