जाड पाठीचे स्कॅनर

औषधांच्या गोदामात ताई खोक्यांवरचे बारकोड तपासत. म्हणजे तपासायचा हातातला स्कॅनर; ताईंनी फक्त दिवसभर उभं राहायचं. दुपारी बाराच्या सुमाराला स्कॅनर मान टाकायचा. त्याला भिंतीवरच्या चार्जिंगच्या खाचेत बसवलं, की ताई आणि त्यांची धाकटी जाऊ वीस मिनिटं खोक्यांवर टेकत. विश्रांतीची ही सोय कंपनीने केलेली नव्हती, म्हाताऱ्या बॅटरीने केली होती.

नवे मॅनेजरसाहेब आले आणि ही वीस मिनिटं त्यांच्या डोळ्यांत खुपली. त्यांनी दुप्पट क्षमतेच्या बॅटऱ्या मागवल्या, आणि उत्साहाच्या भरात जुन्या त्याच दिवशी भंगारात धाडल्या. नव्या बॅटऱ्या चांगल्याच जाड होत्या. सोबत फुगीर झाकणंही आली. ती लावल्यावर चाळीसच्या चाळीस स्कॅनरना पोक आलं. आता हे अगदी मामंजींसारखे दिसतात, असं धाकटी म्हणाली.

ताई नऊ वर्षं रोज स्कॅनर खाचेत ठेवत आल्या होत्या. त्यांनी पोक एकदा उलटसुलट करून पाहिलं आणि साहेबांची केबिन गाठली.

"साहेब, हे खाचेत बसायचे नाहीत."

"ताई, कुणी बसू नये म्हणूनच तर आणलेत," साहेब म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर पोटभर हसले. तांत्रिक गोष्टी जाणकारांवर सोडाव्यात, असंही त्यांनी मायेने समजावलं.

पहिला दिवस अपूर्व गेला. बॅटरी दमली नाही. ताईंचं मनगट सुजलं, पण मनगटाची क्षमता कुणी विचारली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र स्कॅनर संपले, आणि एकही खाचेत जाईना. सुपरवायझरने दाबून पाहिलं, चिकटपट्टी लावून पाहिली. पोक आडवं येत होतं. स्कॅनरच्या पिना खाचेतल्या पिनांना टेकतच नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुख्य कार्यालयातले मोठे साहेब ही सुधारणा बघायला हजर झाले. टेबलावर चाळीस स्कॅनर ओळीने निपचित पडले होते. मॅनेजरसाहेब हळूच ताईंच्या कानाशी लागले.

"माहीत होतं, तर नीट सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं, साहेब. तुम्ही हसलात."

नव्या मापाच्या खाचा यायला सहा आठवडे लागणार होते. तोवर वह्या आणि पेन्सिली निघाल्या. उभ्याने लिहिता येत नाही, म्हणून स्टुलंही आली. वीज नसतानाही चालेल अशी पर्यायी व्यवस्था दूरदृष्टीने तयार ठेवल्याबद्दल मोठ्या साहेबांनी मॅनेजरची पाठ थोपटली. मॅनेजरने ती विनयाने थोपटून घेतली. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण मिनिटभरच. स्टूल फार सुखाचं होतं. धाकटीने तर घरून उशीच आणली.

सहा आठवड्यांनी खाचा आल्या, आणि मागोमाग स्टुलं न्यायला माणूस आला. धाकटीने ताईंकडे पाहिलं. ताई उठल्या नाहीत. स्टुलं न्यायचा लेखी हुकूम आहे का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. तो नव्हता. माणूस तो आणायला केबिनकडे गेला, आणि ताईंनी वहीचं नवं पान उघडलं.